बंदरावरचे तास: सोलापुरातून अलास्काच्या क्रूझची आखणी

क्रूझच्या वेळापत्रकात अलास्कातल्या जुनो बंदराच्या नावापुढे ‘दुपारी १.३० ते रात्री १०’ असं छापलेलं असतं. वाचणारा लगेच साडेआठ तास मोजतो. तेवढे तास हाती कधीच येत नाहीत. जहाज दीडला धक्क्याला लागतं. दोर बांधून, शिडी लावून, बंदराकडून होकार आल्यावर पहिली माणसं उतरेपर्यंत दोन वाजतात. रात्री दहाला सुटायचं म्हणजे साडेनऊला सगळे आत हवेत. त्याआधी स्वतःचा पाऊण तास हाताशी ठेवला की पावणेनऊ होतात. उरले पावणेसात तास. सोलापुरातून अलास्काला निघालेल्या घरांसाठी आम्ही आखणीला बसतो, तेव्हा आधी प्रत्येक बंदराचा हा उरलेला आकडा काढतो. काय बघायचं याची चर्चा त्यानंतर.

साध्या वहीत एका बंदराला एक पान लागतं. वर उरलेले तास. त्याखाली जहाज नेमकं कोणत्या धक्क्याला लागणार, धक्क्यापासून गाव किती लांब, त्या दिवशी ओहोटी किती वाजता, गावात आणखी किती जहाजं असणार. मग एकच मुख्य गोष्ट आणि पाऊस-वाऱ्यात ती रद्द झाली तर पर्यायी गोष्ट. मुख्य गोष्टी दोन लिहायला कुणी सुचवलं, तर आम्ही हट्टाने नाही म्हणतो. सात रात्रींच्या फेरीत उतरायची बंदरं तीन-चारच असतात. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन ठरवल्या तर दोन्हीकडे अर्धवट वेळ जातो आणि घरातली वडीलधारी माणसं तिसऱ्या बंदरावर उतरायलाच तयार होत नाहीत.

आम्ही सहसा सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी फेरी धरतो: जुनो, स्कॅगवे, हिमनदीचा एक दिवस, केचिकान आणि शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया. हे शेवटचं बंदर तिथे का असतं ते आधी समजून घ्यावं, कारण व्हिसा त्याच्याशी बांधलेला आहे. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्याप्रमाणे परदेशी निशाणाच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवून आणता येत नाहीत, मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी निशाणाचीच. म्हणून व्हिक्टोरियाचे ते चार तास. भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो आणि ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ म्हणून तो चुकत नाही. कॅनडाचा व्हिसा नसला तर सिएटलला जहाजावरच घेत नाहीत.

त्यामुळे कामांचा क्रम ठरलेला आहे. आधी अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत, कारण मुंबईची तारीख कधी लवकर मिळते, कधी बरेच महिने लांबते. मग कॅनडाचा अर्ज आणि बोटांचे ठसे. क्रूझची नोंदणी साधारण वर्षभर आधी होते आणि उरलेले पैसे निघायच्या तीन-चार महिने आधी भरावे लागतात. व्हिसा हातात नसताना ती तारीख उलटली तर रद्द करण्याचा भुर्दंड बसतो. तेव्हा नोंदणी करतानाच ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. भारतातल्या एजंटाकडून घेतलं तर टीसीएस, म्हणजे सहलीच्या रकमेवर आधीच घेतला जाणारा कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण प्रवासाच्या आधी ते पैसे खिशातून जातातच. बजेटमध्ये त्याची ओळ वेगळी धरा.

विमानाचं तिकीट काढताना सोलापूरकरांचा एक जोड नेहमी नाजूक असतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटून सकाळी मुंबईला पोचते. तिच्या भरवशावर त्याच सकाळचं विमान धरू नये. दुपारनंतरचं विमान घ्या, नाहीतर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. सिएटलला जहाजाच्या किमान एक दिवस आधी पोचायचंच, वडीलधारी माणसं बरोबर असतील तर दोन. झोपेचं गणित बसवायला तर हा दिवस लागतोच, पण खरं कारण बॅगांचं आहे. एक बॅग मागे राहिली तर ती सिएटलला दुसऱ्या दिवशी मिळते. जहाज सुटल्यावर ती जुनोला येईल की स्कॅगवेला, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

घड्याळ हा सर्वांत फसवा भाग आहे. अलास्काची वेळ सिएटलपेक्षा एक तास मागे. जहाज पहिल्या बंदराच्या आधी रात्री घड्याळं एक तास मागे घेतं आणि व्हिक्टोरियाच्या आधी पुन्हा पुढे. मोबाइल समुद्रात असताना जुनीच वेळ धरून बसतो आणि गावाचं नेटवर्क लागलं की आपोआप बदलतो. हातातलं घड्याळ बदलत नाही. एकाच घरातल्या चौघांच्या हातात दोन वेगवेगळ्या वेळा असतात. आमचा नियम असा: घरातल्या एकाने साधं काट्याचं घड्याळ घालायचं, ते रोज रात्री जहाजाच्या वेळेशी लावायचं आणि परतीची वेळ त्याच घड्याळावर बघायची. समुद्रात मोबाइल विमान-मोडवर ठेवावा. नाहीतर तो जहाजाच्या महागड्या नेटवर्कला चिकटतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. सोलापुरात फोन करायचा तर उन्हाळ्यात अलास्का आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. तिथली सकाळी आठ म्हणजे इथली रात्रीची साडेनऊ, म्हणजे दोन्हीकडची माणसं जागी.

आता धक्का. ‘केचिकान’ एवढंच वाचून भागत नाही. काही कंपन्यांची जहाजं गावात न लागता वॉर्ड कोव्हला लागतात. ते गावापासून सुमारे ११ किलोमीटरवर आहे. तिथून गावात यायला बस असते, पण रांग धरून जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास धरावा. ज्या दिवशी जहाज सकाळी सातला लागून दुपारी एकला सुटतं, त्या दिवशी हा दीड तास फार मोठा आहे. जुनोला मोठ्या जहाजांचे तीन धक्के गावाला लागून आहेत आणि चौथा, एजे नावाचा धक्का गावापासून जवळजवळ दीड किलोमीटर लांब पडतो. सिटका वेळापत्रकात असेल तर तिथलाही मोठा धक्का गावाबाहेर आहे. कोणत्या दिवशी कोणतं जहाज कुठे लागणार याचा तक्ता क्रूझ लाइन एजन्सीज ऑफ अलास्का प्रसिद्ध करते. तो आम्ही नोंदणीआधी आणि निघण्याच्या आठवड्यात असा दोनदा बघतो. त्याच तक्त्यात गर्दीही दिसते. स्कॅगवेची वस्ती हजार-बाराशेची. तिथे एका दिवशी चार जहाजं लागली तर रस्त्यावर दहा हजार पाहुणे असतात. जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आहे, तरी पाच जहाजांच्या दिवशी बसच्या रांगा लांबतातच.

ओहोटीचा रकाना बघून नवे लोक विचारतात, हा कशाला? गुडघ्यांसाठी. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक पाच-सहा मीटरपर्यंत जातो, मोठ्या उधाणाला त्याहून जास्त. शिडी आणि तरंगत्या धक्क्याचा उतार पाण्याबरोबर बदलतो. सकाळी भरतीत सपाट वाटलेली वाट दुपारी पूर्ण ओहोटीला चांगलीच उभी होते आणि वर दव किंवा पाऊस असतो. अमेरिकेची नोआ ही संस्था प्रत्येक बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी जाहीर करते. तळाच्या ओहोटीच्या आगेमागे एक तास चाकाच्या खुर्चीवरच्या किंवा काठी धरून चालणाऱ्या माणसाची चढ-उतर येणार नाही, अशा वेळा आम्ही निवडतो. देवमासे दाखवणाऱ्या छोट्या बोटींच्या धक्क्यावर हा उतार सगळ्यात जास्त जाणवतो. म्हणून बोटवाल्याला आधीच विचारायचं: ओहोटीला उतार किती असतो, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, बोटीत शौचालय आणि बंद, गरम केबिन आहे का. उत्तर गोलगोल आलं तर दुसरी बोट बघायची.

जुनो हे या फेरीतलं सर्वांत भरलेलं बंदर. अलास्काची राजधानी असून बाहेरून तिथे एकही रस्ता येत नाही. विमान किंवा बोट, एवढंच. बघण्यासारखी दोन मोठी ठिकाणं आहेत: मेंडेनहॉल हिमनदी आणि हंपबॅक जातीचे देवमासे. दोन्ही गावाच्या एकाच दिशेला. हिमनदी धक्क्यापासून वीसेक किलोमीटरवर आणि देवमाशांच्या बोटी सुटतात तो ऑक बे त्याच बाजूला. म्हणून एक मुख्य गोष्ट हा आमचा नियम इथेच थोडा वाकवतो. देवमाशांच्या सहलीला बसचा वेळ धरून साडेतीन तास लागतात आणि पाण्यावर त्यातले दोन-सव्वादोन. काही बोटवाले परतताना हिमनदीपाशी सोडतात आणि तिथून दुसऱ्या बसने गावात आणतात. अशी जोड-सहल साडेपाच तासांत बसते. वर काढलेल्या पावणेसात तासांत ती मावते, पण तेवढीच. तिसरं काही, म्हणजे डोंगरावर चढणारा पाळणा वगैरे, त्याच दिवशी कोंबू नये.

हिमनदीची शेवटची परतीची बस किती वाजता, हे तिकीट घेण्याआधी विचारा. सहाला बोटीवरून उतरून तिथे पोचलात आणि शेवटची बस सातची असेल, तर नगेट धबधब्यापर्यंत जाऊन यायला वेळ पुरत नाही. ती वाट एकूण तीन-सव्वातीन किलोमीटरची, जवळपास सपाट. रमतगमत जाऊन यायला तासभर हवाच. धबधबा शंभर मीटरहून उंच आहे आणि त्याच्या पायथ्याशी वाळूत उभं राहिलं की तुषार अंगावर येतात. हिमनदी मात्र आता जुन्या फोटोंएवढी जवळ दिसत नाही, ती वर्षागणिक मागे सरकते आहे. हे आधी सांगितलेलं बरं, म्हणजे कुणी हिरमुसत नाही. या वाटांवर अस्वलांचा वावर असल्याने पाण्याखेरीज खायचं-प्यायचं काहीही बरोबर नेता येत नाही. मधुमेह असलेल्या माणसाचं जेवण त्यामुळे घड्याळाला बांधावं लागतं: जहाजावर दीडला पोटभर जेवण, मग उतरायचं, बोटीत काही मिळत असेल तर मधे खाणं, परतल्यावर रात्रीचं जेवण. औषधाची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना सोलापुरातच विचारून ठेवा.

देवमासे हिवाळ्यात हवाई बेटांच्या उबदार पाण्यात असतात आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी इथे येतात. मे ते सप्टेंबर या काळात जुनोजवळ ते दिसण्याची शक्यता खूप चांगली. अलास्कात बोटीला हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे ९० मीटरच्या आसपास अंतर राखावं लागतं. त्यामुळे मोबाइलच्या फोटोत पाठीचा काळा ठिपकाच येतो. ८ बाय ४२ ची दुर्बीण घरटी एक घ्या आणि सोलापुरातच ती डोळ्यांना बसवून ठेवा. बोटीवर आयत्या वेळी नवी दुर्बीण फिरवत बसलेल्या माणसाला फक्त पाणी दिसतं. आधी वाफेचा फवारा उडतो. तो दिसला की तिकडे दुर्बीण धरून थांबायचं. दोन-तीनदा पाठ वर येते, मग पाठ कमानीसारखी वाकते आणि शेपूट उभी वर जाते. ती गेली की देवमासा खोल गेला, पाच-दहा मिनिटं तरी आता वर येत नाही. हात गरम करून घ्यायची हीच वेळ.

स्कॅगवेला मुख्य गोष्ट एकच: व्हाइट पास अँड युकॉनची रेल्वे. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ही गाडी परकी वाटायचं कारण नाही. आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवर धावायला लागली. तिकडे सोन्याच्या मागे धावणाऱ्या गर्दीसाठी १८९८ ते १९०० या काळात डोंगर फोडून तीन फुटी रूळ टाकले गेले. समुद्रसपाटीवरून निघून ही गाडी ३२ किलोमीटरमध्ये ८७३ मीटर चढते, काही ठिकाणी चढ ३.९ टक्के आहे. व्हाइट पास खिंडीपर्यंत जाऊन परत यायला अडीच ते तीन तास. जाताना डाव्या बाजूला दरी आणि मुख्य देखावा असतो. पण डाव्या बाजूसाठी धक्काबुक्की करायची गरज नाही. वर गेल्यावर बाकांच्या पाठी उलट्या करतात आणि प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात. डब्याच्या टोकाला उघडा सज्जा असतो. आळीपाळीने दहा-दहा मिनिटं तिथे उभं राहावं. कानटोपी आणि हातमोजे नसतील तर पाच मिनिटांतच आत यावं लागतं.

खिंडीपर्यंतच्या साध्या फेरीत गाडीतून उतरत नाहीत. त्यापुढे कॅनडात फ्रेझर किंवा कारक्रॉसला जाणारी रेल्वे-बसची जोड-सहल घेतली तर मूळ पासपोर्ट आणि कॅनडाचा व्हिसा बरोबर लागतो. प्रत चालत नाही. गाडीची वेळ निवडताना आम्ही सकाळची पहिली घेतो. दुपारी वाऱ्याने किंवा ढगाने खिंड झाकली गेली तरी सकाळची फेरी पदरात पडलेली असते आणि उरलेला दिवस गावात फिरायला मोकळा राहतो. जहाज रात्री साडेआठपर्यंत थांबणार असेल तर जेवायला जहाजावर येऊन पुन्हा उतरता येतं. धक्क्यापासून गाव चालत जाण्यासारखं आहे. बाहेरून बुकिंग केलं असेल तर गाडी गावातल्या स्टेशनावरून सुटते की धक्क्याशेजारून, हे तिकिटावर बघा. दोन्ही ठिकाणांत चालण्याची दहा-पंधरा मिनिटं जातात.

हिमनदीचा दिवस बंदराचा नसतो, तरी त्याचंही पान असतं. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश आहे, म्हणून तो थांबा असलेली जहाजं महाग आणि आधी भरणारी. नॅशनल पार्कचे रेंजर सकाळी छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. जहाज मार्जरी हिमनदीसमोर तासभर थांबतं आणि गोल फिरतं, त्यामुळे कोणत्या बाजूची केबिन आहे याला महत्त्व नाही. बर्फावरून येणारा वारा मात्र बोचरा असतो. बाहेर वीस मिनिटं, आत दहा मिनिटं असं करत राहावं. एकदम दोन तास रेलिंगला उभी राहिलेली मंडळी नेमका बर्फाचा कडा कोसळतो तेव्हा आत चहा घेत असतात. कोसळताना आवाज उशिरा पोचतो, म्हणून आवाजाकडे न बघता कड्याच्या बुडाशी पाण्यावर नजर ठेवावी.

कपड्यांबाबत सोलापुरातली सवय उलटी करावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर, त्यामुळे सुती कापड अंगाला आणि सुती चादर प्रवासात, ही सवय हाडीमाशी भिनलेली. तिकडे उन्हाळ्यात दुपारी १५-१८ अंश, सकाळी त्याहून बरंच कमी आणि हिमनदीसमोर वाऱ्यात ५ च्या आसपास. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी या प्रवासात ती घरीच ठेवायची, कारण ओली चादर बॅगेत दोन किलोंचं ओझं होऊन बसते. अंगालगत घाम सुकवणारं पॉलिस्टरचं किंवा लोकरीचं थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, सर्वांत वर टोपी असलेलं जलरोधक जॅकेट. जाड, कापूस भरलेला एकच कोट घेण्यापेक्षा हे तीन थर उपयोगी पडतात, कारण बसमध्ये हीटर असतो आणि दर अर्ध्या तासाला एक थर काढावा-घालावा लागतो. साडी नेसणाऱ्या मावशींनी आतून थर्मल लेगिंग आणि वरून पावसाळी पँट घातली तर बोटीवर चढता येतं. निऱ्या ओल्या झाल्या की चालणं धोक्याचं होतं. जॅकेट जलरोधक आहे की नुसतं ‘पाणी उडवणारं’ आहे, हे बाथरूमच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहून घरीच तपासा. खांद्याची शिवण गळते. छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. नवे बूट निघायच्या महिनाभर आधी घ्या आणि कंबर तलावाभोवतीच्या रोजच्या फेरीत जाड मोज्यांसह वापरा. बूट दुकानात पातळ मोज्यावर बसलेला असतो, जाड मोज्यात अंगठा टोचतो. अर्धा नंबर मोठा लागतो.

या कपड्यांची खरी परीक्षा केचिकानला. तिथे वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या अवर्षणाच्या जिल्ह्याच्या पाचपटीहून जास्त. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, सप्टेंबरपासून पुढे ओलेकच्च. म्हणून केचिकानला आम्ही आकाशावर अवलंबून असलेली महागडी गोष्ट ठेवत नाही. समुद्रविमान किंवा हेलिकॉप्टर ढग खाली आले की रद्द होतं. पैसे परत मिळतात, पण वेळ वाया जातो. इथली मुख्य गोष्ट टोटेम खांब. ट्लिंगिट, हायडा आणि सिमशियन या तिथल्या मूळ लोकांनी सीडरच्या अख्ख्या बुंध्यात कोरलेले हे खांब म्हणजे एखाद्या कुळाची कथा, मान किंवा आठवण असते. त्यांना देव समजून हात जोडायला जाऊ नये आणि हातही लावू नये. टोटेम हेरिटेज सेंटर गावातल्या धक्क्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आणि छपराखाली आहे. तिथले मूळ जुने खांब पावसातही निवांत बघता येतात. खांबांची आणखी दोन ठिकाणं लांब आहेत: सॅक्समन गाव चार-एक किलोमीटरवर, टोटेम बाइट सोळा. वेळ कमी असेल तर हेरिटेज सेंटर आणि परतताना लाकडी खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीट, बस्स. जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात तिथल्या ओढ्यात सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत वर चढताना दिसतात. त्यासाठी तिकीट नाही, पुलाच्या कठड्याला टेकून बघायचं.

सहल जहाजाकडून घ्यायची की बाहेरून, यावर घराघरात वाद होतो. “बोट काय आपल्यासाठी थांबणार नाही होय? पैसे भरलेत की!” असं एखादे काका म्हणतातच. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी घेतं. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी ते थांबत नाही. आणि इथे मागे राहिलेल्या माणसाला टॅक्सीने पुढचं बंदर गाठता येत नाही, कारण रस्ताच नाही. बाहेरची सहल मात्र स्वस्त असते आणि गट लहान असतो. आमचा तोडगा असा: सहल संपल्यावर जहाजात शिरायच्या वेळेला दोन तासांहून जास्त अंतर असेल तर बाहेरची, कमी असेल तर जहाजाची. बाहेरच्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: वाऱ्यामुळे जहाज त्या बंदरात थांबलंच नाही तर पूर्ण पैसे परत. नामांकित बोटवाले हे लिहून देतात.

रोज उतरताना खिशात चार गोष्टी हव्यात: जहाजाचं कार्ड, पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि दोन्ही व्हिसांची प्रत, एक दिवसाची जास्तीची औषधं आणि जहाजाच्या त्या दिवसाच्या पत्रकातून फाडलेला कोपरा. त्या कोपऱ्यावर बंदरातल्या एजंटाचा फोन आणि आत शिरायची शेवटची वेळ छापलेली असते. उशीर होतोय असं वाटलं की पहिला फोन त्या एजंटाला करायचा.

खाण्याचं सोपं आहे. जहाजावर शाकाहारी, जैन जेवण मिळतं, पण ते नोंदणीच्या वेळी लिहून द्यावं लागतं आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला पुन्हा सांगावं लागतं. दुसऱ्या दिवसाचं जेवण आदल्या रात्री सांगून ठेवलं तर गरम डाळभातही येतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेणाऱ्यांनी ती दुकानातली, सीलबंद, इंग्रजीत छापील लेबल असलेली न्यावी आणि विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ जाहीर करावं. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतील, लपवलेल्यावर दंड होतो. जहाजावरची फळं किंवा सँडविच पिशवीत घालून बंदरावर उतरायला मनाई आहे.

मळमळीचा प्रश्न बंदरांपेक्षा वाटेतला. सिएटलहून निघालेली जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, त्यामुळे पहिला पूर्ण दिवस आणि परतीचा एक दिवस हलतं. व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं बेटांच्या आडून जातात, तो मार्ग शांत. ज्यांना घाटातल्या एसटीतही त्रास होतो त्यांना आम्ही व्हँकुव्हरची फेरी सुचवतो, किंवा मग जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, हलायला लागण्याच्या तासभर आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. जहाजावरचा डॉक्टर मोफत नसतो, प्रत्येक तपासणीचं बिल खात्यावर चढतं. म्हणून विम्यात आजारी माणसाला समुद्रावरून हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते बघा आणि आधीचा रक्तदाब-मधुमेह अर्जात खरा लिहा.

व्हिक्टोरियाला जहाज बहुधा संध्याकाळी आठच्या सुमाराला लागून मध्यरात्री सुटतं. तिथली प्रसिद्ध बुचार्ट बाग धक्क्यापासून वीसेक किलोमीटरवर आहे. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जहाजाची सहल घेऊन ती धावती बघता येते. ऑगस्टअखेरीपासून पोचेपर्यंत अंधार पडतो, तेव्हा पैसे घालू नयेत. त्याऐवजी ऑग्डन पॉइंटच्या धक्क्यावरून अर्धा तास चालत आतल्या बंदरापाशी जावं, विधानभवनाची इमारत रात्री दिव्यांनी उजळलेली असते. पण हीच शेवटची रात्र असल्याने मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळेपर्यंत, बहुधा दहा-अकराच्या आत, केबिनबाहेर ठेवाव्या लागतात. फिरून आल्यावर भरू असं म्हणून चालत नाही, दुपारीच भरून ठेवायच्या. भरताना उद्याचा एक पूर्ण जोड, चपला-बूट, औषधं, चष्मा आणि पासपोर्ट बाहेर पलंगावर काढून ठेवायचे आणि मगच कुलूप लावायचं. बाहेर गेलेली बॅग थेट सिएटलच्या धक्क्यावरच हाती येते.